राजीनाम्यानंतरचं वर्ष: तिमोर-लेस्तेत तीन मतदानं

आग्नेय आशियातल्या छोट्याशा तिमोर-लेस्तेचे पहिले पंतप्रधान मारी अल्कातिरी यांनी 26 जून 2006 ला राजीनामा दिला. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. निवडणुकीतून आलेल्या पुढच्या सरकारचा शपथविधी झाला 8 ऑगस्ट 2007 ला. या मधल्या काळाचा उत्तरार्ध मी तिथे काढला, संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक म्हणून, एका डोंगराळ जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत. परत आल्यापासून दोन प्रकारच्या मेल येतात. एक, "अर्ज कसा केलास?" आणि दुसरी, "सरकारच नसलेल्या देशात भीती नाही वाटली?" दुसऱ्या प्रश्नात थोडी गफलत आहे. सरकार होतं. कोणत्या कागदावर कोणाची सही चालेल, एवढंच रोज नव्याने विचारावं लागायचं.

अर्जापासून सुरू करते. स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर माहिती भरून ठेवायची असते. तेव्हा पंचविशी ओलांडलेली लागायची, पदवी लागायची, कामाचा अनुभव लागायचा. माझा अनुभव सातारा जिल्ह्यातल्या महिला सरपंचांच्या प्रशिक्षणाचा. त्याचा तिथे काय उपयोग, असं मलाच वाटायचं, म्हणून तो रकाना मी आधी दोन ओळींत उरकला होता. नंतर नीट लिहिला: किती गावं, किती माणसं, हातात काय साधनं होती. फोन बहुधा त्यामुळेच आला. मुलाखत फोनवरच झाली. आवाज तुटत होता. प्रश्न साधे होते. रस्ता खचला आणि मतपेटी गावात अडकली तर काय कराल? गावचा पुढारी म्हणाला की आमच्या लोकांना रांगेत पुढे घ्या, तर? अशा प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या मतदानाला ज्याने एकदा ड्यूटी केली आहे त्याला पाठ असतात.

निवड झाल्यावर खरी धावपळ. छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी, ईसीजी, डॉक्टरांचा शिक्का प्रत्येक पानावर. सगळं मिळून तीन हजारांच्या आत झालं. अडलं ते नावावर. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टावर सासरचं. तेव्हा शंभराच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरी, त्याचं इंग्रजी भाषांतर. ज्या बायका अर्ज करणार असतील त्यांनी हे आधीच करून ठेवा, बोलावणं आल्यावर हातात फार दिवस नसतात. आणखी एक फॉर्म असतो, आपलं बरंवाईट झालं तर पैसे कोणाला द्यायचे याचा. तो आईसमोर भरू नका. माझ्या आईने तो वाचला आणि दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, निदान दोघांची नावं घाल, भांडणं नकोत." आणि लाडू करायला बसली.

मुंबई, सिंगापूर, बाली आणि तिमोरची राजधानी दिली, असा प्रवास. बालीहून दिलीचं विमान तेव्हा सकाळचं होतं, म्हणून एक रात्र बालीत काढावी लागली. अशा रात्रीचं भाडं आणि व्हिसाची रांग दोन्ही हिशेबात धरा, आणि पावत्या फेकू नका. डॉलर न्यायचे ते छोट्या आणि कोऱ्या नोटांत. तिमोरचं चलन अमेरिकी डॉलरच आहे, फक्त सुटी सेंताव्हो नाणी त्यांची स्वतःची. शंभराची नोट गावात कोणी मोडून देत नाही आणि कोपरा फाटलेली नोट घेत नाही.

जानेवारी 2007 मध्ये दिलीच्या विमानतळावर उतरले, तर कुंपणाला लागूनच तंबू. ओळीच्या ओळी, निळ्या-पांढऱ्या ताडपत्र्या, मध्ये वाळत घातलेले कपडे. घरं जळाल्यामुळे किंवा जळतील या भीतीने पळालेली माणसं. संकटाच्या भरात दीड लाखाच्या आसपास लोक घर सोडून गेले होते, आणि देशाची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात. बंदरासमोर, इस्पितळाच्या आवारात, चर्चच्या मैदानात, सगळीकडे तंबू. मी परत निघाले तेव्हाही त्यातले बरेच उभे होते.

हे सगळं कशावरून झालं ते दिलीतल्या आमच्या ड्रायव्हरने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हॉर्न वाजवत, तुकड्यातुकड्यांत. सैन्यातल्या पश्चिमेकडच्या जवानांनी तक्रार केली की बढत्या पूर्वेकडच्यांनाच मिळतात. बराकी सोडून ते बाहेर पडले. जवळपास सहाशे जण, म्हणजे सैन्याचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग. मार्च 2006 मध्ये त्या सगळ्यांना काढून टाकलं. एप्रिलअखेर त्यांच्या निदर्शनांतून दंगल झाली. 25 मे ला सैनिकांनी संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली चालत निघालेल्या निःशस्त्र पोलिसांवर गोळ्या झाडल्या, आठ मेले. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया आणि पोर्तुगाल यांच्या फौजा उतरल्या. राष्ट्राध्यक्ष शनाना गुश्माँव यांनी जाहीर सांगितलं, एकतर पंतप्रधान जातील नाहीतर मी जातो. अल्कातिरी गेले. 10 जुलैला जुझे रामुश-ओर्ता पंतप्रधान झाले, तेच 1996 चं शांततेचं नोबेल मिळालेले. ड्रायव्हर स्वतः पूर्वेकडचा होता, बायको पश्चिमेकडची. दोघांची मुलं तिच्या माहेरी ठेवली होती. "मुलं कुठली म्हणायची, हे अजून ठरायचंय," एवढं बोलून त्याने गाडी लावली.

दिलीतले पहिले दिवस प्रशिक्षणात गेले. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीची परीक्षा असते, गिअरची गाडी, चढावर थांबवून पुन्हा काढायची. तिथे वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याला थोडं सोपं. पण मोठ्या गाडीची सवय नसेल तर घरूनच एखाद्याची जीप मागून सराव करा. रेडिओ हातात देतात, आपलं सांकेतिक नाव देतात, आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी सगळ्यांची हजेरी रेडिओवर. हजेरी चुकली की शोधाशोध सुरू होते, म्हणून अंघोळीला जातानासुद्धा रेडिओ बरोबर. हेल्मेट आणि गोळीरोधक जाकीट सही करून घ्यायचं. ते इतकं जड की मी त्यात नीट वाकूही शकत नव्हते. सुरक्षा अधिकाऱ्याने टेबलावर एक लोखंडी बाण ठेवला होता. बोटभर लांब, टोकाला काटे, शेपटाला प्लॅस्टिकच्या सुतळीची गोंड्यासारखी गुंडाळी. गलोलीतून मारतात. त्याला रामा आंबोन म्हणतात. अधिकारी म्हणाला, घुसला तर ओढून काढू नका, तसंच इस्पितळात या. मी तो बाण हातात घेऊन पाहिला, आणि त्या रात्री घरी फोन केला तेव्हा फक्त जेवणाबद्दल बोलले.

संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मिशनच्या प्रमुखपदी डिसेंबरातच अतुल खरे आले होते, भारतीय परराष्ट्र सेवेतले. आडनाव ऐकून आमच्यातल्या मराठी मंडळींनी लगेच त्यांना कोकणात नेऊन बसवलं. खरे उत्तरेकडेही असतात. पडताळून पाहायची हिंमत कोणी केली नाही.

आता मुख्य गोष्ट. संक्रमणकाळातलं सरकार म्हटलं की माझ्या डोक्यात एक चित्र होतं: जुने सगळे बाहेर, कोणीतरी तटस्थ माणसं आत, निवडणूक होईपर्यंत कारभार. तसं काहीच नव्हतं. संसद तीच होती, 88 पैकी 55 जागा फ्रेतिलिनच्या, म्हणजे राजीनामा दिलेल्या पंतप्रधानांच्याच पक्षाच्या. मंत्रीही बरेचसे तेच. रामुश-ओर्ता पक्षाचे नव्हते, पण पक्षाच्या संमतीनेच आलेले. आणि मी पोचले त्यानंतर थोड्याच दिवसांत तेच राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. त्यांच्यासमोर फ्रेतिलिनचे उमेदवार लु-ओलो, म्हणजे फ्रांसिश्कु गुतेरिश. ते संसदेचे अध्यक्ष! पंतप्रधान विरुद्ध संसदेचे अध्यक्ष, आणि निवडणूक भरवणारी कचेरी सरकारी मंत्रालयाखाली. ही कचेरी म्हणजे स्ताए. तिच्यावर देखरेख पंधरा सदस्यांच्या राष्ट्रीय निवडणूक आयोगाची, त्याला सगळे सीएनई म्हणत. आम्ही संयुक्त राष्ट्रांचे लोक फक्त सल्लागार. निर्णय त्यांचा, सही त्यांची, आमच्याकडे गाडी, रेडिओ आणि फोटोकॉपीचा कागद.

या सगळ्यावर एका बांगलादेशी पोलीस अधिकाऱ्याशी चहावर बोलणं झालं होतं. त्यांच्याकडे तेव्हा निवडणुकीसाठी बिगरपक्षीय काळजीवाहू सरकार नेमायची पद्धत होती, राज्यघटनेतच. तो म्हणाला, "दीदी, तटस्थ माणसं नेमली तरी भांडण उरतंच, ती नेमायची कोणी यावर." त्याच जानेवारीत ढाक्यात आणीबाणी लागली होती, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा चहा मात्र उत्तम असायचा, आलं घालून.

माझी नेमणूक एर्मेरा जिल्ह्यात झाली. मुख्य गाव ग्लेनो, दिलीहून डोंगर चढून जायचं. कॉफीचा मुलूख. उंच सावलीच्या झाडांखाली कॉफीची झुडपं, पायवाटा, धुकं. महाबळेश्वरच्या मागच्या बाजूला कोणीतरी कॉफी लावल्यासारखं. एका शिक्षिकेच्या घरी खोली मिळाली, महिना शंभर डॉलर, पाणी विहिरीचं, वीज रात्री काही तास, आली तर. घरमालकीण मला माना म्हणायची, मीही तिला माना, म्हणजे ताई. पुरुषांना माउन. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. आपल्याकडून गेलेल्या माणसाला ही सवय लावावी लागत नाही.

गावात कोणी इंग्रजी बोलत नव्हतं. कायदा पोर्तुगीजमध्ये, गावातलं बोलणं मांबाई भाषेत, बैठक देशभर चालणाऱ्या तेतुम भाषेत, आणि कारकून हिशेब करायचे इंडोनेशियनमध्ये. निवडणुकीचे कायदे मंजूर झाले डिसेंबर 2006 च्या अगदी अखेरीस, मतदान एप्रिलमध्ये. म्हणजे पुस्तिका लिहून, भाषांतर करून, छापून, डोंगरात पोचवून, माणसं शिकवून, सगळं तीन-साडेतीन महिन्यांत. मूळ पोर्तुगीज वाचायला मला मडगावची एक सहकारी मदत करायची. ती दिलीत, मी ग्लेनोत. मी फोनवर कलमाचा आकडा सांगायची आणि ती मराठी-कोंकणी मिसळून अर्थ लावायची. 1844 पर्यंत पोर्तुगीज तिमोरचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता, त्यामुळे आपण त्यांचे जुने साहेब, असा तिचा विनोद. टेलिफोनचं बिल मात्र विनोद वाटावा असं नसायचं. तेव्हा एकच कंपनी होती, मिनिटाचा दर जबर. कार्डं पाच-दहा डॉलरची घ्यायची, आणि बोलायचे मुद्दे आधी लिहून काढायचे.

फेब्रुवारी नोंदणीत गेला. वय 17 पुरं असलं की मत देता येतं. कुठल्या गावच्या शाळेला छप्पर आहे, कुठे जीप जाते, कुठून पुढे घोडा लागतो, याच्या याद्या करायच्या. प्रत्येक ठिकाणी आधी गावप्रमुखाकडे, शेफि सुकुकडे. कॉफी होते, मग काम. कॉफी नाकारायची नाही. एका गावात शाळेची किल्ली ज्याच्याकडे होती तो काढून टाकलेल्या सैनिकांपैकी होता. त्याने विचारलं, "किल्ली हवीय ती कोणाला? सरकारला की संयुक्त राष्ट्रांना?" माझ्या बरोबरचा स्ताएचा माणूस शांतपणे म्हणाला, "माउन, तुझ्या आईला मत द्यायला शाळा लागेल." किल्ली मिळाली. मी असली उत्तरं वहीत लिहून ठेवायला लागले, कारण ती मला सुचत नसत.

त्याच महिन्यात दिलीत तांदूळ संपला, सरकारी गोदामांवर लोक चालून गेले. मार्चच्या सुरुवातीला सामे गावात ऑस्ट्रेलियन फौजेने बंडखोर मेजर आल्फ्रेदु रैनादुला घेरलं. तो निसटला, त्याची काही माणसं मेली. पश्चिमेकडच्या पोरांच्या मनात तो नायक. आम्हाला रेडिओवर हुकूम आला, घरातच राहा. खिडकी बंद करून बसले होते. घरमालकिणीने भात आणि फरसबी दिली आणि बाहेरच्या आवाजांवर कान ठेवून भाजी चिरत राहिली. भीतीचं विचाराल तर हे ते दिवस. बाकी वेळ कामाच्या कटकटीत भीती मागे पडायची. असल्या दिवसांसाठी घरात आठवड्याचा तांदूळ, पाणी, मेणबत्त्या असू द्या. तेव्हा मलेरियाच्या गोळ्याही लागत. डेंग्यूला गोळी नाही, तिथे पूर्ण बाह्यांचे कपडेच.

पहिलं मतदान 9 एप्रिल, सोमवार. आदल्या दिवशी ईस्टर. कॅथलिक देशात पवित्र आठवड्यात मतपेट्या हलवायच्या म्हणजे काय ते विचारू नका. गुड फ्रायडेला मिरवणुकीमुळे रस्ता बंद, आणि मिरवणुकीत आमचे निम्मे कर्मचारी. पाद्रीबाबांशी बोलून वेळा ठरवल्या. त्यांनी प्रार्थनेनंतर मतदानाची सूचनाही वाचली, आमच्या पत्रकांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला. पाऊस होताच. एका केंद्राचं सामान शेवटच्या टप्प्यात घोड्यावरून गेलं. पेटीला प्लॅस्टिक गुंडाळलेलं, दोन्ही बाजूंना समतोल राहावा म्हणून दुसरीकडे पाण्याचे डबे.

सकाळी सातला केंद्र उघडलं तर रांग आधीच पार चढाखाली गेलेली. म्हातारे लोक धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घालून, खांद्यावर ताइश, म्हणजे तिथलं हातमागाचं पारंपरिक कापड. मतपत्रिकेवर आठ उमेदवारांचे फोटो. खूण पेनाने करा किंवा खिळ्याने भोक पाडा. प्रत्येक कक्षात दोरीला बांधलेला खिळा होता. देश इंडोनेशियाच्या ताब्यात होता त्या काळापासून लोकांना भोक पाडायची सवय. खिळ्याने टोचल्याचा टक असा आवाज बाहेर ऐकू यायचा आणि रांगेतली माणसं हसायची. मग उजव्या हाताची तर्जनी शाईत. आपल्याकडे नखावर रेघ ओढतात, तिथे बोटच बाटलीत बुडवायचं.

तेव्हा नियम असा होता की मतदार देशात कुठल्याही केंद्रावर मत देऊ शकत असे. तंबूत राहणाऱ्या, घरदार सोडलेल्या लोकांच्या दृष्टीने हे योग्यच. पण मग कुठल्या केंद्रावर किती जण येतील हे कोण सांगणार? काही ठिकाणी मतपत्रिका कमी पडल्या, आणि शेजारच्या केंद्रावरून शिल्लक आणायची वेळ आली. आणताना दोन्हीकडे आकडा लिहून, पक्षांच्या प्रतिनिधींची सही घेऊन. या प्रतिनिधींना फिश्काल म्हणतात. ते दिवसभर बाकावर बसून आमच्यावर नजर ठेवत. सुरुवातीला मला त्यांचा जाच वाटायचा. मग लक्षात आलं की पंतप्रधान आणि संसदेचे अध्यक्ष दोघेही उमेदवार असताना वरून कोणी तटस्थ आहे असं सांगण्यात अर्थ नाही. गावाला विश्वास ठेवायला जागा होती ती त्या बाकावर. दोन भांडणाऱ्या पक्षांची पोरं एका कागदावर खाली सह्या करतात, ते सगळ्यांना दिसतं.

मोजणी केंद्रातच. संध्याकाळी गॅसबत्ती आणि बॅटऱ्या लावून. केंद्राध्यक्ष एकेक मतपत्रिका उघडून उंच धरायचा, नाव पुकारायचा, खिळ्याचं भोक असेल तर बत्तीसमोर धरायचा म्हणजे उजेड आरपार दिसे. खिडक्यांना गाव लटकलेलं. शेवटी इतिवृत्त, त्याला आक्ता म्हणतात. मिळालेल्या, वापरलेल्या, खराब झालेल्या आणि उरलेल्या पत्रिकांची बेरीज जुळली पाहिजे. मध्यरात्री तीन पत्रिकांचा फरक राहिला की माणूस रडकुंडीला येतो. अशा कामाला जाणार असाल तर साधा कॅल्क्युलेटर, कपाळावर बांधायची बॅटरी आणि कार्बन पेपर स्वतःचे न्या. कचेरीतून मिळतील या भरवशावर राहू नका.

पहिल्या फेरीत कोणालाच निम्मी मतं नाहीत. लु-ओलो 27.89 टक्के, रामुश-ओर्ता 21.81, आणि तिसरे लासामा 19.18. दुसरी फेरी 9 मे ला. तेव्हा सगळं हातासरशी झालं. त्याच केंद्रांवर, त्याच माणसांनी, दोनच नावं. रामुश-ओर्तांना 69 टक्के. 20 मे ला ते राष्ट्राध्यक्ष झाले, पंतप्रधानपद रिकामं झालं, आणि तिथे एश्तानिस्लाव दा सिल्व्हा आले, पुढच्या निवडणुकीपुरते. ग्लेनोच्या कचेरीत भिंतीवरचा फोटो बदलायचा की नाही यावर चर्चा झाली. दोन महिन्यांकरता फ्रेम कोण आणणार, असा निर्णय झाला.

खरी गंमत त्यानंतर. संसदेचं मतदान 30 जूनला, आणि मेच्या अखेरीस कायदा बदलला. आता मोजणी केंद्रात नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी. कारण पटण्यासारखं होतं. गावातच मोजलं की कुठल्या गावाने कोणाला मत दिलं ते उघड होतं, आणि मग रात्री दगड येतात. पण आम्ही शेकडो माणसांना जे शिकवलं होतं ते एका महिन्यात पुसून नवं शिकवायचं होतं. पेट्या सीलबंद करून डोंगरावरून खाली आणायच्या, रात्री, पोलिसांसोबत. जूनच्या सुरुवातीला पूर्वेकडच्या विकेकेमध्ये प्रचारात माणसं मारली गेली होती, त्यामुळे प्रत्येक वळणावर जीव मुठीत. शिवाय कॉफीची तोडणी. एर्मेरात जून-जुलै म्हणजे कमाईचे दिवस, प्रशिक्षणाला बोलावलं तर लोक विचारायचे, "रोज किती देणार?" आम्ही वर्ग संध्याकाळी ठेवले. सुकत घातलेल्या कॉफीच्या ताडपत्रीच्या कडेला बसून मतपेटीचं सील लावायला शिकवलं आहे.

चौदा पक्ष आणि आघाड्या, 65 जागा, जागा मिळायला निदान तीन टक्के मतांची अट, आणि तेव्हाच्या नियमानुसार प्रत्येक यादीत दर चार नावांत एक बाई असायलाच हवी होती. महिला सरपंचांबरोबर काम केल्यामुळे या शेवटच्या नियमावर माझा विशेष जीव होता. मोजणीला ग्लेनोतल्या सभागृहात टेबलं लावली, जनरेटर धडधडत, दिवस-रात्र पाळ्या. पेट्या उघडण्याआधी सीलचे आकडे मोठ्याने वाचायचे. एका सीलचा शेवटचा आकडा चिखलाने झाकला होता. तो पुसायचा की नाही यावर चार पक्षांचे फिश्काल आणि दोन निरीक्षक पाऊण तास बोलले. शेवटी सगळ्यांसमोर ओल्या फडक्याने पुसला, आणि पुसल्याची नोंद आक्तामध्ये लिहिली. आकडा बरोबर होता. बाहेरून आलेल्याला हा पोरखेळ वाटेल. तो पाऊण तास मला त्या सगळ्या महिन्यांतला सगळ्यात सार्थकी लागलेला वेळ वाटतो.

निकाल: फ्रेतिलिन 21, शनानांचा नवा पक्ष सीएनआरटी 18, एएसडीटी आणि पीएसडीची आघाडी 11, पीडी 8, उरलेल्या सात जागा छोट्या पक्षांकडे. बहुमत कोणालाच नाही. आमचं काम संपलं होतं आणि देशाचं अडलं होतं. जुलै महिना सगळा घटनेच्या 106 व्या कलमावर गेला. पंतप्रधानाचं नाव कोणी सुचवायचं? सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या पक्षाने, की बहुमत जमवलेल्या आघाडीने? कलमात दोन्ही शब्द आहेत. पहिल्या तिघा बिगर-फ्रेतिलिन गटांनी मिळून 37 जमवले. राष्ट्राध्यक्षांनी सगळ्यांचं एकत्र सरकार व्हावं म्हणून खटपट केली, ते जमेना. माना रोज संध्याकाळी रेडिओ लावायची, मग बंद करायची. "कोण का होईना, शाळेचा पगार कोण देणार ते सांगा," म्हणायची. तिचा पगार चालू होता, हे सांगायला हवं. कारकून जागेवर होते, शाळा भरत होत्या. राज्य वर अडकलं तरी खाली सरकत राहिलं होतं.

6 ऑगस्टला शनानांचं नाव जाहीर झालं, 8 तारखेला शपथ. फ्रेतिलिनने ते घटनाबाह्य ठरवलं. दिलीत टायर जळले, पूर्वेकडे बाउकाउ आणि विकेकेमध्ये घरं. आमच्या जिल्ह्यात मिरवणूक निघाली. मी तेव्हा दिलीत, सामान बांधत. ज्या खोलीत उतरले होते तिथून धूर दिसत होता, आणि मिशनच्या ईमेलवर हिशेबाच्या पावत्या जमा करायची आठवण आली होती.

निघण्याची प्रक्रिया मात्र सविस्तर सांगते, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. एक चेक-आउट फॉर्म असतो, त्यावर प्रत्येक विभागाची सही लागते. रेडिओ, हेल्मेट, जाकीट, गाडीचा परवाना, ओळखपत्र, उशी आणि मच्छरदाणीसुद्धा. एक माणूस रजेवर असला की सगळं थांबतं, म्हणून फॉर्म निदान दोन आठवडे आधी मागा. घेताना ज्या वस्तूवर सही केली तिची पावती सांभाळून ठेवा. माझ्या जाकिटाचा क्रमांक आणि रजिस्टरातला क्रमांक जुळत नव्हता. घेतलेल्या दिवशीची कार्बन प्रत होती म्हणून सुटले. परतीच्या तिकिटाचं, सामानाच्या वजनाचं आणि शेवटच्या भत्त्याचं लेखी उत्तर घ्या, तोंडी नको. माझा शेवटचा भत्ता यायला बराच वेळ लागला. दोन-तीन मेल केल्यावर आला, पूर्ण आला. बँकेत तो जमा होताना बँकेने परदेशी रकमेचं कारण विचारणारा कागद मागितला. करारपत्राची प्रत आणि पासपोर्टाच्या सगळ्या शिक्के मारलेल्या पानांची झेरॉक्स, एवढ्यावर भागलं. ज्यांना अर्जाचा नमुना हवा असेल त्यांनी मेल करा. माझा भरलेला फॉर्म, खासगी रकाने झाकून, पाठवते.